स्वयंसेवकांचं मासिक काढायचं ठरलंय, पण ते नक्की कोणासाठी?

अनुक्रमणिका

नमस्कार मंडळी, मी अनुक्रमणिका (हे इथलं माझं टोपणनाव).

आमचा एक छोटा ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, प्रकल्प आहे. लहान वाचनालयांना पुस्तकांची देवघेव, सभासदांच्या नोंदी, दाखल क्रमांक, उशिरा परत येणारी पुस्तकं हे सगळं एका साध्या संगणकावर सांभाळता यावं, म्हणून केलेलं सॉफ्टवेअर. यातून कोणाला पैसे मिळत नाहीत. कोड लिहिणारे, भाषांतर करणारे, शंकांना उत्तरं देणारे आणि माझ्यासारखे मदतपुस्तिका लिहिणारे, सगळे आपापला व्याप सांभाळून वेळ काढतात.

गेल्या बैठकीत मासिक काढायचं ठरलं आणि संपादन माझ्याकडे आलं. मला ते मनापासून करायचं आहे. मासिक हवं यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण कशाला हवं असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर निराळं. कोड लिहिणाऱ्यांना पुढच्या आवृत्तीत डेटाबेसची, म्हणजे माहिती साठवण्याची, रचना का बदलतेय ते सविस्तर मांडायचंय. एकाला वाटतं, मासिक बघून नवे स्वयंसेवक यावेत. भाषांतर करणाऱ्यांचं काम कोणाच्या नजरेत येत नाही, तर निदान नावं छापून यावीत अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि ती रास्तच आहे. आमचं सॉफ्टवेअर अजून न वापरणाऱ्या वाचनालयांपर्यंत पोचायचं, असंही एक मत आहे.

मी केलेली कच्ची यादी अशी: संपादकीय, नव्या आवृत्तीची ओळख, डेटाबेसवरचा लेख, एका स्वयंसेविकेची मुलाखत, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारी लेखमाला, बारकोड कसे छापावेत, आणि शेवटी शब्दकोडं. दिसायला भरगच्च आहे. पण हा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचेल असा एकही माणूस माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

तर वाचक कोण, हे ठरवायचं कसं? वापरणारे आणि बनवणारे या दोघांनाही एकाच अंकात सांभाळता येतं का? आणि एखाद्या स्वयंसेवकाने हौसेने लिहून दिलेला लेख 'या मासिकात बसत नाही' हे त्याला सांगायचं कसं? असं काही काढलेलं असेल त्यांनी जरूर लिहा.

अर्धविराम

मी एका वेगळ्या प्रकल्पात मेंटेनर, म्हणजे कोडची देखभाल करणारा, आहे. माझं मत विचाराल तर मासिक नको, दर आठवड्याचं छोटं वार्तापत्र काढा आणि ते सरळ आपल्याच माणसांसाठी काढा.

कारण सांगतो. प्रकल्प वाढला की एका कोपऱ्यातल्या माणसाला दुसऱ्या कोपऱ्यात काय चाललंय ते कळत नाही. दोघं जण तेच काम वेगवेगळ्या ठिकाणी करत बसतात. ही गरज खरी आहे आणि ती भागवण्याचे चांगले नमुने आहेत. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपचं 'धिस वीक इन नोम' २०२१ पासून चालू आहे. डेव्हलपर आपापली बातमी एका चॅट रूममध्ये टाकतात, बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, त्या गोळा करतो, संपादक त्यावर हात फिरवतो. लेखकाच्या मागे लागावं लागत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं 'धिस वीक इन रस्ट' तर २०१३ पासून आहे आणि त्यात पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची विनंती, पाठवून कोणीही दुवा सुचवू शकतं. त्याच्यात एक सदर फक्त मदत हवी असलेल्या कामांचं असतं. नवा माणूस ते सदर बघून एखादं काम उचलतो. म्हणजे नवे स्वयंसेवक हवेत हा तुमचा हेतूही त्यातच साधला जातो.

मासिकाला मुखपृष्ठ लागतं, मांडणी लागते, मुद्रितशोधन लागतं. तेवढ्या तासांत मदतपुस्तिकेची चार प्रकरणं सुधारून होतील.

जुळारी

अर्धविराम यांनी दिलेली दोन्ही उदाहरणं उत्तम आहेत. फक्त त्या वार्तापत्रांचा वाचक आधीच घरात आलेला आहे. नोम किंवा रस्टभोवती इतकी माणसं आहेत की नुसत्या आतल्यांसाठी काढलेलं पत्रही हजारोंच्या उपयोगी पडतं. लहान प्रकल्पात आतली माणसं एका बैठकीत मावतात. त्यांना एकमेकांची खबर द्यायला अंक काढायची गरज नाही, बैठकीचं टिपण नीट लिहिलं तरी पुरतं.

मी एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या त्रैमासिकाचं संपादन काही वर्षं केलं आहे. आता त्या कामात नाही, पण तो विषय डोक्यातून गेलेला नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

'वाचक कोण' असं बैठकीत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: वापरकर्ते, डेव्हलपर, विद्यार्थी आणि इतर इच्छुक. यात जगातलं कोणीच सुटत नाही, आणि म्हणून या उत्तराचा संपादकाला काडीचा उपयोग नसतो. वाचक खरोखर ठरलाय की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. त्या निर्णयाच्या जोरावर एखादा चांगला लेख परत पाठवता येतो का? वाईट लेख कोणीही परत पाठवेल. चांगला, मेहनतीने लिहिलेला, पण आपल्या वाचकाच्या कामाचा नसलेला लेख बाजूला ठेवता आला, तर समजा वाचक ठरला.

हा वाचक कल्पनेने रंगवू नका, तो तुमच्याकडे येऊन गेलेला आहे. शंका-समाधानाला आलेले जुने प्रश्न काढा आणि एका बैठकीत सलग वाचा. बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, यादी वाचू नका, कारण बग नोंदवायला येणारा माणूस आधीच अर्धा तांत्रिक असतो. साधे, पुन्हा पुन्हा येणारे, कधीकधी वैतागून विचारलेले प्रश्न वाचा. आमच्याकडे आम्ही हे केलं तेव्हा दिसलं की नव्या सोयींबद्दल जवळजवळ कोणी विचारत नव्हतं. जुना डेटा नव्या संगणकावर कसा न्यायचा, चुकून पुसलेलं परत कसं मिळवायचं, छापताना कडेचा मजकूर का कापला जातो, असेच प्रश्न होते. आणि विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते सॉफ्टवेअर स्वतः बसवलेलं नव्हतं. कोणीतरी बसवून दिलं, दहा मिनिटं दाखवलं आणि तो माणूस निघून गेला. मागे राहिली ती व्यक्ती आमची वाचक झाली. पुढचा प्रत्येक अंक आम्ही तिला समोर बसवून केला.

आता हेतू. 'समुदाय बळकट करणे', 'जागरूकता वाढवणे' असलं काही लिहू नका. घडलं की नाही हे बघता येईल असं लिहा. वाचणाऱ्याने अंक मिटल्यावर काय करावं? बॅकअप घ्यावा? आपली अडचण कळवावी? शेजारच्या वाचनालयाला हे सॉफ्टवेअर दाखवावं? एका अंकाने हे सगळं होणार नाही, त्यामुळे पहिलं काय ते निवडावं लागतं.

तुमचाच डेटाबेसचा विषय घेऊ, कारण त्यात सगळं स्पष्ट दिसतं. रचना बदलतेय ही एक घटना. बनवणाऱ्यांसाठी लिहाल तर जुन्या रचनेत एका पुस्तकाच्या अनेक प्रती कशा अडचणीच्या होत होत्या, कोणते पर्याय तपासले, हाच का निवडला, हे येईल. न वापरणाऱ्यासाठी लिहाल तर एकाच पुस्तकाच्या दहा प्रती असलेल्या वाचनालयाला यातून काय मिळेल ते येईल, आणि टेबलांची नावं कुठेच येणार नाहीत. रोज वापरणाऱ्या ग्रंथपालासाठी लिहाल तर लेख असा सुरू होईल: 'ही आवृत्ती बसवताना देवघेव बंद ठेवावी लागेल. आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि तो उघडतोय ना ते पाहा. पुढचं पाऊल त्यानंतरच.' मग चित्रांसकट पायऱ्या, आणि मध्येच अडकलात तर कोणाला गाठायचं ते. तीनही लेख खरे आहेत, तीनही लिहिण्याजोगे आहेत. पण एकात दुसरा मिसळलात की ग्रंथपाल तिसऱ्या परिच्छेदात थांबते आणि डेव्हलपरला पहिल्या दोन परिच्छेदांचा कंटाळा येतो. वापरणारे आणि बनवणारे एका अंकात चालतील का, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: अंकात कदाचित चालतील, लेखात अजिबात नाही. आणि अंक लहान असेल तर अंकातही नको.

फेडोरा या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने हे फार नीट सोडवलंय. 'फेडोरा मॅगझिन' वापरणाऱ्यांसाठी आहे आणि प्रकल्पात काम करणाऱ्यांसाठी २०१५ पासून वेगळा 'कम्युनिटी ब्लॉग' आहे. कोणत्या विषयाची जागा कुठे, हे त्यामुळे आधीच ठरतं आणि वाद बराच कमी होतो. शिवाय मॅगझिनमध्ये आधी विषय सुचवायचा, संपादकांनी होकार दिला की मग लिहायचं, अशी पद्धत आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. पूर्ण लिहिलेला लेख नाकारला तर माणूस दुखावतो, आणि स्वयंसेवक दुखावला की तो भांडत बसत नाही, नुसता यायचा थांबतो. तीन ओळींचं टिपण मात्र 'हे ब्लॉगवर जास्त शोभेल' असं म्हणून वळवता येतं. टिपणात दोनच गोष्टी मागा: हे कोण वाचेल, आणि वाचून तो काय करेल. लेखक स्वतःच ते लिहायला बसला की निम्म्या वेळा त्याला स्वतःलाच उत्तर मिळतं.

आता ज्यावर कोणी उघड बोलत नाही तो मुद्दा. स्वयंसेवी मासिकाचे वाचक दोन प्रकारचे असतात: वाचणारे आणि लिहिणारे. पगार नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्याला अंकातून काहीतरी मिळायलाच हवं. ही अपेक्षा मुळीच कमी दर्जाची नाही आणि ती लपवून ठेवायचीही गरज नाही. आर या सांख्यिकीच्या भाषेचं 'आर न्यूज' हे वार्तापत्र २००१ साली सुरू झालं आणि २००९ मध्ये त्याचं 'आर जर्नल' झालं, लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणारं. आरची पॅकेजेस, म्हणजे जोडून वापरायचे प्रोग्राम, लिहिणारे बरेच जण संशोधक, त्यांना आपल्या कामाचा संदर्भ देण्याजोगा लेख हवा असतो. लिहिणाऱ्यांची गरज ओळखून नियतकालिकाचं रूप ठरलं तर काय होतं, याचा तो चांगला नमुना आहे. मात्र त्यासोबत वाचकही ठरतो. ते जर्नल उघडणाऱ्याला आर आधीच येत असतं.

उलट टोकाला उबुंटू या कार्यप्रणालीचं 'फुल सर्कल' बघा. २००७ पासूनचं, उबुंटू बनवणाऱ्या कंपनीपासून स्वतंत्र, स्वयंसेवकांनी चालवलेलं पीडीएफ मासिक. त्यात पायथनची, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरची लांबलचक लेखमाला चालली आणि ती शोभली, कारण त्याचा वाचक घरच्या संगणकावर हौसेने उबुंटू टाकून 'आता यात काय काय करता येईल' म्हणणारा. शिवाय वाचकांनी आपली गोष्ट लिहावी, आपल्या डेस्कटॉपचं चित्र पाठवावं अशी सदरं होती. ज्याला लेख जमणार नाही त्याला चित्र आणि चार ओळी जमतात. वाचणाऱ्याचा लिहिणारा व्हायची ती पहिली पायरी. तुमच्या यादीतली पायथन लेखमाला मात्र मी काढेन. देवघेवीच्या टेबलाशी बसलेली व्यक्ती तिचं काय करणार?

जुन्यांतला जुना नमुना हवा असेल तर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं 'ग्नूज बुलेटिन'. पहिला अंक फेब्रुवारी १९८६. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन कशासाठी आहे, कोणतं काम कुठवर आलंय, काय करणारं माणूस हवंय. पुढे सॉफ्टवेअरची टेप मागवायचा फॉर्मही त्यात असे. देखणेपणाचा सोस नाही. वाचणाऱ्याने काय करावं ते प्रत्येक पानावर कळतं.

किती दिवसांनी काढायचं हे हेतू ठरल्यावर आपोआप ठरतं. बातम्या द्यायच्या असतील तर महिनाभराने त्या शिळ्या होतात, कामाची पद्धत शिकवायची असेल तर तीन महिन्यांनीही चालतं. परवाना, म्हणजे अंकातला मजकूर इतरांनी कोणत्या अटींवर वापरायचा ते, मात्र पहिल्या अंकाआधी ठरवा. 'सीसी बाय-एसए' (श्रेय देऊन आणि त्याच अटींवर कोणालाही वापरू देणारा परवाना) किंवा जे काही असेल ते प्रत्येक लेखकाकडून लेखी कबूल करून घ्या. हक्क लेखकाचा असतो, त्यामुळे नंतर परवाना बदलायचा म्हटलं तर एकेकाला शोधून विचारत बसावं लागतं.

अनुक्रमणिका

जुळारी, मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत तसं जुने प्रश्न उघडून बसले. हे आधी कोणीच का केलं नव्हतं असं वाटावं इतकं त्यातून कळलं.

सगळ्यात जास्त प्रश्न ग्रंथपडताळणीचे आहेत. कपाटातलं एकेक पुस्तक स्कॅन करायचं, मग जे स्कॅन झालं नाही त्याची यादी मिळते. पण त्या यादीत हरवलेली पुस्तकं आणि सभासदांच्या घरी असलेली पुस्तकं एकत्र येतात. ती वेगळी कशी काढायची, हे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलंय. उत्तर आमच्याकडे आहे, एक फिल्टर लावायचा असतो. मदतपुस्तिकेत तो 'अहवाल' या प्रकरणात आहे आणि पडताळणी करणारी व्यक्ती त्या प्रकरणापर्यंत जातच नाही. बैठकीत मासिकाचे विषय निघाले तेव्हा पडताळणीचं नावही कोणी काढलं नव्हतं. कोड लिहिणाऱ्यांच्या लेखी तो एक जुना, चालू असलेला अहवाल आहे. ग्रंथपालासाठी त्यावर वर्षाचा हिशेब अवलंबून असतो.

आणि विचारणारी माणसं? अगदी तुम्ही वर्णन केलीत तशी. एकटीने किंवा एकट्याने वाचनालय सांभाळणारी, सॉफ्टवेअर दुसऱ्याने बसवून दिलेली. एका बाईंनी प्रश्नाच्या शेवटी लिहिलं होतं, 'मला संगणकातलं फार कळत नाही, पण पुस्तकं मात्र सगळी माहीत आहेत.' हे वाक्य मी छापून भिंतीवर लावलंय.

पण हे गटात मांडल्यावर एक अडचण उभी राहिली. डेटाबेसचा लेख लिहिणारे म्हणाले, आमच्या लिखाणाला जागा नसेल तर मासिकासाठी वेळ आम्ही का द्यावा? त्यांना नाराज करून मला पुढे जायचं नाही, कारण पडताळणीचा कोड त्यांनीच लिहिलाय आणि त्यातल्या खाचाखोचा त्यांनाच ठाऊक आहेत.

ऱ्हस्वदीर्घ

मी वेगवेगळ्या प्रकल्पांसाठी भाषांतर करते. इथे एक बाजू सुटतेय असं वाटलं म्हणून लिहिते.

ग्रंथपाल हा वाचक असेल तर अंक त्यांच्या भाषेत जायला हवा, आणि हे पहिल्या दिवसापासून धरून चालायला हवं. सॉफ्टवेअर भाषांतरित आणि मासिक मात्र एकाच भाषेत, असं झालं की ते आपोआप बनवणाऱ्यांचं मासिक होतं, ठरवा किंवा ठरवू नका. भाषांतर करणारे कमी असतात. महिन्यात शिळी होणारी बातमी आमच्या हातून सुटेपर्यंत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. ग्रंथपडताळणीवरचा लेख दोन वर्षांनीही तितकाच कामाचा, त्यावर घातलेला वेळ सार्थकी लागतो. तेव्हा कृपा करून टिकाऊ विषय घ्या. आणि पडद्याची चित्रं दिलीत तर त्यांतला मजकूर प्रत्येक भाषेत नव्याने घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवून मोजकीच द्या. लेखातल्या बटणांची नावं सॉफ्टवेअरमध्ये जशी आहेत अगदी तशीच हवीत, नाहीतर वाचणारी व्यक्ती पडद्यावर नसलेलं बटण शोधत बसते.

नावं छापून येण्याबद्दल. हो, आम्हाला ती हवी असतात. पण शेवटच्या पानावर शंभर नावांच्या यादीत नको. त्या लेखाच्या खाली, 'भाषांतर: अमुक' असं हवं. त्या एका ओळीसाठी मी पुढचा लेखही घेते.

जुळारी

ऱ्हस्वदीर्घ यांचा मुद्दा मला सुचायला हवा होता, फार मोलाचा आहे.

अनुक्रमणिका, डेव्हलपर मंडळींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला 'समजून घ्या' हे उत्तर होत नाही. डेटाबेसच्या लेखाला जागा द्या, पण मासिकात नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर बनवणाऱ्यांसाठी वेगळं पान उघडा, तो लेख तिथे आधी येऊ द्या आणि त्याचं संपादन तुम्ही तितक्याच आस्थेने करा. लेख दुय्यम जागी टाकला असं वाटलं की माणूस दुरावतो. 'या लेखाला त्याचे खरे वाचक इथे मिळतील' असं म्हणता आलं, आणि ते खरं असलं, तर कोणाची तक्रार उरत नाही.

आणि पडताळणीच्या लेखासाठी त्यांच्यातल्या एकाला ग्रंथपालाशेजारी बसवा. प्रत्यक्ष नाही जमलं तर पडदा शेअर करून. अट एकच, डेव्हलपरने माउसला हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. ती कुठे थांबते, कुठे मागे जाते, कोणत्या बटणावर दोनदा दाबते, एवढंच टिपायचं. आमच्याकडे असं बसलेला एक जण त्याच रात्री कोडमध्ये बदल करून मोकळा झाला. लेख निम्मा झाला, कारण निम्मी अडचण सॉफ्टवेअरमधूनच गेली.

अर्धविराम

वाचलं सगळं. या प्रकल्पापुरतं वार्तापत्राचं म्हणणं मागे घेतो. शेजारी बसायची कल्पना मी आमच्याकडेही मांडणार आहे.

एक काळजी मात्र राहते. वाचक ग्रंथपाल असेल तर नवे कोड लिहिणारे येणार कुठून? तेही लागतातच. या मासिकावर ती जबाबदारी टाकायची नाही हे मान्य, पण मग ती कोणाची हे कुठेतरी लिहून ठेवा. नाहीतर चौथ्या अंकाच्या वेळी कोणीतरी विचारेल, मासिकामुळे किती डेव्हलपर आले, आणि उत्तर शून्य आलं की मासिक फसलं असं ठरेल. ज्या कामासाठी ते काढलंच नव्हतं त्यावरून त्याचा निकाल लावला जाईल. माझ्या पाहण्यातले असे उपक्रम याच कारणाने बंद पडले आहेत.

जुळारी

हे फार बरोबर बोललात. निकाल कशावरून लावायचा तेही आजच लिहून ठेवावं. डाउनलोडच्या आकड्यावरून ते कळत नाही, फाइल उतरवणं आणि वाचणं यात मोठं अंतर आहे. अंक निघाल्यावर पडताळणीचे तेच ते प्रश्न कमी झाले का, आणि एखाद्या ग्रंथपालाने स्वतः होऊन काही कळवलं का, एवढं बघितलं तरी चालेल.

अनुक्रमणिका

काल बैठक झाली. तुमच्या सगळ्यांच्या सूचना घेऊन गेले होते. आता आमच्या मासिकाच्या आतल्या पानावर हे छापायचं ठरलंय:

'हे मासिक एकट्याने वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपालांसाठी आहे. प्रत्येक अंक वाचून एक काम कोणालाही न विचारता करता यावं आणि एक अडचण आम्हाला कळवावी, एवढाच त्याचा उद्देश आहे. नवे स्वयंसेवक मिळवणं आणि विकासाच्या बातम्या देणं हे या मासिकाचं काम नाही, त्यासाठी संकेतस्थळावर वेगळं पान आहे.'

शेवटचं वाक्य अर्धविराम यांच्यामुळे आलं. त्यावर सगळ्यात जास्त वेळ चर्चा झाली आणि शेवटी डेटाबेसच्या लेखाचे लेखकच म्हणाले, राहू द्या. त्यांचा लेख पुढच्या आठवड्यात त्या वेगळ्या पानावर येतोय. पडताळणीच्या वेळी शेजारी बसायलाही तेच तयार झालेत, आणि भिंतीवरच्या वाक्याच्या बाई आपला पडदा दाखवायला तयार आहेत.

पहिला अंक तीन महिन्यांनी, आठ पानांचा. ग्रंथपडताळणी हा मुख्य विषय. बारकोड छापण्याचा लेख राहिला, कारण पडताळणीआधी तो लागतोच. नवी आवृत्ती बसवण्याआधीची तयारी एका पानावर. मुलाखत स्वयंसेविकेऐवजी एका ग्रंथपालाची. प्रत्येक लेखाखाली लेखक, भाषांतरकार आणि तपासणाऱ्याचं नाव. पायथन गेलं. शब्दकोडं वगळायला दोघांचा सक्त विरोध होता, त्याचा निर्णय पुढच्या बैठकीत.

ऱ्हस्वदीर्घ, बारकोडच्या लेखाचा कच्चा मसुदा तयार आहे. बटणांची नावं सॉफ्टवेअरशी ताडून घेतली आहेत, चित्रं दोनच आहेत. भाषांतराच्या नजरेने एकदा वाचून द्याल का? कुठे अडखळायला झालं तेवढं समासात लिहिलंत तरी पुरे.

ऱ्हस्वदीर्घ

पाठवा. शनिवारपर्यंत देते. आणि चित्रांच्या मूळ फाइल वेगळ्या जोडा, पीडीएफमधून काढलेल्या नकोत.